मॉरिशसची वाट : निर्ण्याहून निघणाऱ्यांसाठी

आमच्या निर्ण्याहून समुद्र फार दूर. पश्चिमेस निघावे तर सोलापूर, पुणे आणि सह्याद्रीचा घाट ओलांडावा लागतो; पूर्वेस निघावे तर हैदराबादच्या पलीकडेही बरेच चालावे लागते. त्यामुळे आमच्या वडीलधाऱ्यांच्या प्रवासाची सीमा पंढरपूर, तुळजापूर, गाणगापूर आणि फार तर काशी-रामेश्वर एवढीच असे. गेल्या काही वर्षांत मात्र मुले शिकून बाहेर पडली, हातात चार पैसे खेळू लागले आणि बिदर, भालकी, हुमनाबाद, कलबुर्गी येथील मराठी घरांतून ‘यंदा मॉरिशसला जावे म्हणतो’ असे उद्गार कानी येऊ लागले. २०२४ च्या गणेशोत्सवात आम्ही चार घरची नऊ माणसे तेथे जाऊन आलो. परत आल्यापासून काय न्यावे, काय खावे, म्हाताऱ्या माणसांस झेपेल काय, अशी विचारणा इतक्यांनी केली की, प्रत्येकास निराळे सांगत बसण्यापेक्षा ते येथे एकदाच लिहून ठेवणे आम्हांस सोयीचे वाटले.

प्रथम हे बेट आहे कोठे ते नकाशावर पाहून घ्यावे. हिंदी महासागराच्या नैर्ऋत्य भागात, मादागास्करच्या पूर्वेस सुमारे आठ-नऊशे किलोमीटरांवर हा ठिपका आहे. सर्वांत जवळचा शेजारी म्हणजे फ्रान्सच्या ताब्यातील रेयुनियाँ बेट. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बिदर जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. आणि एवढ्याशा जागेत एक सार्वभौम राष्ट्र नांदते! वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. डच लोकांनी १५९८ मध्ये या बेटास आपल्या राजपुत्राचे नाव दिले. पुढे १७१५ पासून फ्रेंच आले, १८१० मध्ये इंग्रजांनी ते जिंकले आणि १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. कायदेमंडळ इंग्रजीत चालते, वर्तमानपत्रे फ्रेंचमध्ये निघतात आणि घरात व बाजारात क्रिओल बोलतात. घरी मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी आणि कचेरीत इंग्रजी असा आमचा नित्याचा व्यवहार असल्यामुळे या भाषांच्या गर्दीत आम्हांस मुळीच परके वाटले नाही. पुण्या-मुंबईकडील सहप्रवासी मात्र थोडे गोंधळले होते.

आता कागदपत्रांचे. भारतीय प्रवाशास पर्यटनासाठी आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही. तेथे उतरल्यावर शिक्का मिळतो. परंतु परतीचे तिकीट, राहण्याच्या जागेचे आरक्षण आणि खर्चास पुरेसा पैसा असल्याचा पुरावा अधिकारी मागू शकतात. ते कागद सामानाच्या तळाशी न ठेवता हातातील पिशवीत ठेवावेत. निघण्यापूर्वी संगणकावर भरावयाचे एक प्रवासपत्रकही असते. हे नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढताना आणि पुन्हा निघण्याच्या आठवड्यात ते पडताळून पाहावेत.

खरी अडचण आमच्या भागात निराळीच आहे, ती म्हणजे नावाची. शाळेच्या दाखल्यावर नुसती आद्याक्षरे, शिधापत्रिकेवर बापाचे नाव, सातबाराच्या जागी असलेल्या पहाणीपत्रकात गावावरून पडलेले आडनाव आणि आधारपत्रावर कन्नडातून इंग्रजीत उतरताना झालेली चौथीच वर्णरचना! बायकांच्या बाबतीत तर माहेरचे नाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्यावर असते. पारपत्राच्या अर्जापूर्वी ही सर्व नावे एकसारखी करून घेण्यास सहा महिने हाताशी ठेवावेत. पारपत्रावर जसे छापले असेल तसेच, अक्षरास अक्षर लावून, विमानाचे तिकीट काढावे. विमानकंपनीच्या खिडकीवर ‘ही माझीच बायको आहे हो’ असे सांगून भागत नाही. पारपत्राची मुदत परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने शिल्लक असणे चांगले.

निर्ण्याहून मुंबई गाठण्यास कलबुर्गीची रात्रीची गाडी आम्हांस सर्वांत सोयीची वाटली. मुंबईहून मॉरिशसचे थेट विमान सुमारे सहा तासांत पोहोचते. आगगाडी उशिरा येऊ शकते, विमान थांबत नाही. म्हणून मुंबईत एक पूर्ण दिवस आधी पोहोचावे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी तिकिटाच्या वेळीच चाकांच्या खुर्चीची मागणी नोंदवावी. तिचे वेगळे पैसे पडत नाहीत आणि त्यात कमीपणाही नाही. आमच्यातील एका आजींनी जाताना ती नको म्हटली व येताना आपण होऊन मागितली. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते.

ऋतूंचा विचार तिकिटाआधी करावा. ते बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे सारे उलटे. आपला वैशाख वणवा पेटलेला असतो तेव्हा तेथे थंडी सुरू होते. श्रावण-भाद्रपदात हिवाळा आणि पौष-माघात उन्हाळा. मे ते ऑक्टोबर हे महिने हिंडण्यास उत्तम. क्यूरपीपसारखी मधल्या पठारावरील गावे किनाऱ्यापेक्षा थंड व पावसाळी असतात, तेव्हा एक स्वेटर आणि छत्री असू द्यावी. जानेवारी ते मार्च हा वादळांचा मुख्य काळ. त्या काळातच जाणे भाग असेल तर तेथील इशाऱ्यांची पद्धत समजून घ्यावी. वादळाच्या इशाऱ्याचे एक ते चार असे वर्ग असतात. तिसरा वर्ग लागला की घराबाहेर पडावयाचे नाही, मग ऊन पडलेले दिसो वा न दिसो. १९६० चे ‘कॅरोल’ आणि १९७५ चे ‘जर्वेझ’ यांच्या आठवणी तेथील वृद्ध माणसे अद्याप सांगतात, आणि जानेवारी २०२४ मध्ये ‘बेलाल’ वादळाच्या वेळी राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांतून मोटारी वाहून गेल्या होत्या. अशा वेळी विमानतळ बंद होतो. म्हणून रोजची औषधे मुक्कामापेक्षा आठवडाभर जास्तच न्यावीत.

औषधांवरून सांगावयाचे म्हणजे, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावानिशी, बरोबर हवी. झोपेच्या आणि तीव्र वेदनेवरच्या काही गोळ्यांवर तेथे कडक निर्बंध आहेत. अमली पदार्थांच्या बाबतीत तर तो देश कोणाचीच गय करीत नाही. विमानतळावर कोणी ओळखीचा-अनोळखी ‘एवढे पुडके तेवढे घेऊन जा’ म्हणाला तर सरळ नाही म्हणावे, भीड बाळगू नये. बियाणे, रोपे, ताजी फळे विनापरवाना नेता येत नाहीत. शेजारच्या घरासाठी म्हणून कलबुर्गीच्या तुरीची पिशवी नेण्याचा मोह आमच्यातील एकास झाला होता. ती मुंबईतच नातलगांकडे ठेवविली.

मग न्यावे काय? कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी! आठ-पंधरा दिवस न बिघडणारा हा आपल्या भागाचा शिधा परदेशप्रवासासाठीच जन्मला असावा. बांधून नीट न्यावी आणि विचारले तर खाण्याचा पदार्थ म्हणून स्वच्छ सांगावे. शाकाहारी माणसाचे तेथे हाल होत नाहीत, परंतु विचारून घ्यावे लागते. मासळीला मांस न समजणारे लोक तेथेही आहेत. ‘मो पा मांज लाव्यान’ म्हणजे ‘मी मांस खात नाही’, आणि ‘पवासों’ म्हणजे मासा, एवढे दोन शब्द पाठ केले की काम भागते. रस्त्यावरची ‘धोल पुरी’ मात्र अवश्य खावी. वाटलेली डाळ भरून केलेली ही मऊ पोळी पाहताच आमच्यातील बायका एका सुरात म्हणाल्या, ‘अगबाई, ही तर पुरणपोळीची तिखट बहीण!’ दोन पोळ्यांची जोडी, वर पावट्यासारख्या शेंगबियांची आमटी, टोमॅटोचा रस्सा आणि मिरचीची चटणी घालून कागदात गुंडाळून देतात. पोट भरते आणि खिशास झळ लागत नाही. डाळवड्यास ते ‘गातो पिमा’ म्हणतात. प्रवास ठरविताना कंपनीकडून ‘सात दिवस’ की ‘सात रात्री’, आणि किती वेळचे जेवण, हे कागदावर लिहून घ्यावे; तोंडी शब्दावर राहू नये.

तेथील रुपया निराळा. अलीकडच्या काळात तो आपल्या पावणेदोन-दोन रुपयांच्या घरात असतो. भारतीय नोटा बाजारात चालत नाहीत. डॉलर वा युरो नेऊन बदलून घ्यावेत. फेब्रुवारी २०२४ पासून आपली यूपीआयची सोयही तेथे सुरू झाली आहे, पण धोल पुरीच्या गाडीवर तिचा भरवसा धरू नये. विजेच्या खोबणी बहुधा चौकोनी तीन दांड्यांच्या, इंग्रजी धर्तीच्या असतात. त्यांत बसणारा जोड दोन-चार रुपयांच्या कंजुषीने विसरू नये. बसगाड्या बेटभर जातात आणि स्वस्त आहेत, पण संध्याकाळी लवकर बंद होतात. पोर्ट लुईहून क्यूरपीपपर्यंत २०२२ पासून हलकी रेल्वेही धावते. टॅक्सीत बसण्यापूर्वी भाडे ठरवावे. काही गावांत गुरुवारी दुपारनंतर दुकाने मिटतात.

समुद्राविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आम्हांस भाग आहे. आपल्याकडील मुलांनी विहिरीत सूर मारलेले असतात, कारंजा धरणाच्या पाण्यात डुंबलेले असतात, आणि त्या बळावर ती स्वतःस पट्टीची पोहणारी समजतात. समुद्र ही निराळी जात आहे. बेटाच्या बहुतेक किनाऱ्यास प्रवाळांचा बांध असल्यामुळे आतले पाणी तलावासारखे शांत, उथळ व निळे दिसते. परंतु या बांधास जागोजागी खिंडारे आहेत आणि त्यांतून पाणी मोठ्या ओढीने बाहेर जाते. स्थानिक माणूस ज्या जागी पोहत नाही तेथे आपण उतरू नये, हा एकच नियम पुरेसा आहे. दक्षिणेस सुयाकजवळ ‘ग्री ग्री’ येथे बांधच नाही. तेथे लाटा पाहाव्यात आणि परतावे. पाण्यात अनवाणी कधीही जाऊ नये. दगडासारखा दिसणारा एक विषारी मासा तळाशी निपचित पडलेला असतो आणि त्याचा काटा भरला तर थेट रुग्णालय गाठावे लागते. रबरी जोडे तेथे सर्वत्र मिळतात. प्रवाळ तोडून आणू नयेत. साडी नेसून लाटेत उभे राहण्याची हौस छायाचित्रापुरती आणि घोट्याएवढ्या पाण्यात भागवावी.

पाहण्यासारखी स्थळे प्रवासी कंपन्या दाखवितातच. शामारेलची सप्तरंगी माती, पांपलमूसच्या बागेतील परातीएवढी कमळपाने, ग्रां बासेंचे गंगातलाव व तेथील १०८ फुटांची शिवमूर्ती ही त्यांच्या यादीत असतातच. त्यांविषयी अधिक लिहीत नाही. यादीत बहुधा नसते ते पोर्ट लुईचे आप्रवासी घाट. तेथे जाण्याचा आग्रह मात्र आम्ही प्रत्येकास करू. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून कलकत्त्याहून आलेले ३६ मजूर हे करारबद्ध मजुरीच्या त्या प्रयोगातील पहिले. गुलामगिरी संपत होती आणि उसाच्या मळ्यांस हात हवे होते. त्यानंतर १९२० पर्यंत साडेचार लाखांहून अधिक भारतीय माणसे या धक्क्यावरून बेटावर आली. मुंबई बंदरातून निघालेल्या जहाजांतून रत्नागिरीकडची मराठी माणसे आली. धक्क्याच्या सोळा दगडी पायऱ्या शिल्लक आहेत. २००६ मध्ये युनेस्कोने हे स्थळ जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. प्रवेशास पैसे नाहीत. रविवार सोडून सकाळी जावे. तेथे दगड उचलला की खाली सोने सापडते, असे त्या मजुरांना सांगितले गेल्याची कथा अद्याप ऐकावयास मिळते. दगड खरोखरच उचलावे लागले. उसाच्या शेतांतून आजही काळ्या दगडांचे मोठमोठे ढिगारे उभे आहेत, ते त्यांच्या हातचे. हुमनाबाद भागातील उसाचा फड पाहिलेल्या माणसास तो ढीग पाहून पाठ दुखल्यासारखे होते.

या लोकांची पणतवंडे भेटावीत म्हणून आम्ही गणेशोत्सवाचे दिवस निवडले होते. गणेश चतुर्थीस तेथे सरकारी सुट्टी असते. पण आपली दिनदर्शिका पाहून तारीख धरू नये. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी ती सुट्टी आपल्याकडील चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी होती, आणि मिरवणूक-विसर्जन त्याच दिवशी पाहावयास मिळते. हेन्रिएटा येथे १८९६ साली पहिला उत्सव झाल्याचे तेथील मंडळी सांगतात. कास्कावेल, वाक्वा या बाजूस मराठी घरे बरीच. मिरवणुकीत ‘झाकरी’ नाचतात. कोकणातील जाखडीचे हे रूप समुद्र ओलांडून आलेले. गाण्याचे शब्द मराठी, मृदंगाचा ठेका ओळखीचा, आणि नाच संपताच तीच मुले आपापसात क्रिओलमध्ये थट्टा करू लागतात. सरकारी शाळांतून मराठी शिकता येते, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत वरच्या वर्गांतही शिकवितात; परंतु घरात मराठी बोलणारी पिढी आता वयस्क झाली आहे.

येथे वाचकांस एक कळकळीची सूचना. त्यांचे मराठी ऐकून हसू नये आणि ते दुरुस्त करू नये. आमचेही मराठी पुण्याच्या माणसास कानडी हेलाचे वाटते आणि त्याने तसे म्हटले की आम्हांस काय वाटते, ते आम्ही जाणतो. एका देवळाच्या ओट्यावर बसलेल्या गृहस्थांनी आम्हांस विचारले, ‘तुमी महाराष्ट्रातून आले?’ आम्ही कर्नाटकातून आलो, असे सांगितल्यावर ते चकित झाले. तेथे मराठी कसे, असे त्यांनी विचारले. मग आम्ही निजामाचे राज्य, १९४८, १९५६ ची राज्यपुनर्रचना, उदगीर-निलंगा-अहमदपूर तिकडे गेले आणि बिदर-भालकी-हुमनाबाद इकडे राहिले, हे सगळे बोटांनी ओट्यावर नकाशा काढून सांगितले. ते ऐकून घेऊन ते म्हणाले, ‘म्हणजे तुमी कुठं गेलेच नाही, तरी बाहेर झाले!’ आमची गोष्ट इतक्या थोडक्या शब्दांत आम्हांस आजवर कोणी सांगितली नव्हती.

त्याच गृहस्थांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला. महात्मा गांधी संस्थेत आप्रवाशांच्या जुन्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत आणि वंशजांस त्यांतील उतारा मिळतो. त्यात जहाजाचे नाव, मजुराचे नाव, बापाचे नाव, वय, जिल्हा आणि गाव असते. यांच्या पणजोबांच्या नोंदीत जिल्हा रत्नागिरी स्पष्ट होता. गावाचे नाव मात्र इंग्रज कारकुनाने कानावर पडले तसे लिहिलेले. ते तीन प्रकारे वाचता येत होते. ‘हे कुठं आहे?’ असे त्यांनी विचारले, तेव्हा आमच्यातील एकजण ‘हो हो, ठाऊक आहे’ म्हणण्याच्या बेतात होता. त्यास आम्ही खुणेने थांबविले. रत्नागिरीतले गाव बिदरच्या माणसास काय ठाऊक असणार? कोणाच्या पणजोबांच्या गावाविषयी गोड बोलण्यासाठी होकार देणे बरे नव्हे. त्या होकारावर विसंबून एखादा म्हातारा आयुष्यभराची पुंजी घेऊन विमानात बसेल. आम्ही कागदाची नक्कल उतरून घेतली, शोध घेऊ पण शब्द देत नाही, असे सांगितले. तसा कागद तुमच्याही पुढे येईल. तेव्हा अक्षरे जशीच्या तशी उतरून घ्यावीत, आपल्या अंदाजाने सुधारू नयेत. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही येत होता, हे ध्यानात ठेवावे. आणि कोकणातील ओळखीच्या तलाठ्यास वा शिक्षकास विचारावे. आमचा शोध चालू आहे. दोन गावे जुळतात, तिसऱ्याची चौकशी व्हावयाची आहे.

भेट म्हणून काय न्यावे? बिदरी कामाची लहानशी डबी नेल्यास आपल्या गावाची ओळख राहते. ती मोठ्या सामानात ठेवावी. त्याहून अधिक आनंद मोठ्या अक्षरांच्या मराठी बालपुस्तकांचा झाला. दिनदर्शिकाही हौसेने घेतात. मात्र तिच्यातील सूर्योदय आणि तिथीच्या वेळा तेथे तशाच लागू पडत नाहीत, हे देताना सांगावे. शाल-नारळाचा बेत असेल तर शाल न्यावी, नारळ तेथेच घ्यावा.

ज्यांस दहा-बारा दिवस आहेत आणि याहूनही एकांत हवा आहे, त्यांनी त्याच देशाच्या रॉड्रिग्ज बेटाचा विचार करावा. मुख्य बेटाच्या पूर्वेस सुमारे ५६० किलोमीटरांवर, क्षेत्रफळ १०८ चौरस किलोमीटर, लहान विमानाने दीड तास. हवा बिघडली की ते विमान निघत नाही. म्हणून तेथून परतणे आणि भारताचे विमान यांमध्ये निदान दोन दिवसांचे अंतर ठेवावे. परतीच्या दिवशी विमानतळावर तीन तास आधी पोहोचावे. तो बेटाच्या आग्नेय टोकास, माएबूर गावाजवळ आहे. उत्तरेच्या किनाऱ्यावर मुक्काम असेल तर सकाळच्या गर्दीत रस्त्यातच दीड-दोन तास सहज जातात. उरलेले तेथील रुपये विमानतळावरच बदलून घ्यावेत, हुमनाबादला ते कोणी घेत नाही.